मास्टोडॉन, ब्लूस्काय खरंच ओसरतंय का? आकडे बघा, पण नुसते आकडेच बघू नका

"काय गं, ते तुझं मास्टोडॉन बंद पडलं ना?" हा प्रश्न मला अधूनमधून कोणी ना कोणी विचारतंच, कधी पुण्याचा आतेभाऊ, कधी ऑफिसमधली मुलं. आणि ब्लूस्कायबद्दल पण आता तेच, की सुरुवातीला खूप हवा होती, आता तिथे कोण असतं. फोनवर दोन वाक्यात याचं उत्तर देता येत नाही, म्हणून आज नीट बसून लिहितेय, कारण हा विषय माझ्या फार जवळचा आहे, आणि इंदूरसारख्या गावात राहणाऱ्या मराठी माणसाला तो जवळचा वाटायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मास्टोडॉन आणि ब्लूस्काय ही ट्विटरसारखी, पण विकेंद्रित सोशल नेटवर्क आहेत. नेहमीच्या सोशल मीडियात एक कंपनी असते, तिचे सर्व्हर, तिचे नियम, तिचा मालक. विकेंद्रित म्हणजे डीसेंट्रलाइज्ड नेटवर्कमध्ये सर्व्हर अनेक असतात, अनेक लोक चालवतात, आणि तरी एका सर्व्हरवरचा माणूस दुसऱ्या सर्व्हरवरच्या माणसाला फॉलो करू शकतो, रिप्लाय करू शकतो. ईमेल जसं वेगवेगळ्या कंपन्यांमध्ये चालतं तसंच. मास्टोडॉन हे जर्मनीच्या ऑयगेन रोच्कोने २०१६ मध्ये सुरू केलं, ते ज्या अ‍ॅक्टिव्हिटीपब नावाच्या प्रोटोकॉलवर (म्हणजे सर्व्हरनी एकमेकांशी बोलायच्या नियमांवर) चालतं त्याला वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने २०१८ मध्ये मान्यता दिली, आणि त्याच प्रोटोकॉलवर फोटोसाठी पिक्सेलफेड, व्हिडिओसाठी पीअरट्यूब, चर्चेसाठी लेमी असं बरंच काही आहे, त्या सगळ्याला मिळून फेडिव्हर्स म्हणतात. ब्लूस्काय वेगळ्या प्रोटोकॉलवर आहे, त्याला एटी प्रोटोकॉल म्हणतात.

आता आकडे. ऑक्टोबर २०२२ च्या शेवटी इलॉन मस्कने ४४ अब्ज डॉलरला ट्विटर घेतलं, त्याच्या आधी मास्टोडॉनवर महिन्याला साधारण ३ लाख लोक अ‍ॅक्टिव्ह होते, आणि एका महिन्यात ते २५ लाखांवर गेले, हे खुद्द रोच्कोनेच लिहिलं होतं. विचार करा, जे सर्व्हर एकेकटा माणूस नोकरी सांभाळून रात्री चालवायचा त्यांच्यावर एकदम हजारो लोक येऊन धडकले, सर्व्हर अडकायला लागले, पोस्ट तासा-तासाने पोचायला लागल्या. मग जानेवारीपासूनच ओहोटी. पुढच्या एक-दोन वर्षांत तो आकडा १० लाखांच्या खाली आला आणि त्याच्या आसपास खाली-वर होत राहिला. आता हेच सगळं दोन प्रकारे सांगता येतं. २५ लाखांवरून १० लाखांच्या आत म्हणजे निम्म्याहून जास्त लोक गेले, ही एक गोष्ट. ३ लाखांवरून दुप्पट-अडीचपट झाले आणि तिथे टिकले, ही दुसरी. दोन्ही खरं. बातमी मात्र पहिल्याचीच होते.

ब्लूस्कायचं तर अजून मजेशीर आहे. फेब्रुवारी २०२४ पर्यंत तिथे इन्व्हाइट लागायचं, मग दार उघडलं. ऑगस्ट २०२४ च्या शेवटी ब्राझीलमध्ये कोर्टाने एक्स (म्हणजे आधीचं ट्विटर) बंद केलं, तेव्हा काही दिवसांत तिथून वीस लाखाहून जास्त लोक आले, मग नोव्हेंबरमध्ये अमेरिकेची निवडणूक झाल्यावर अजून मोठी लाट, २ कोटी अकाउंट झाली. जानेवारी २०२५ संपता संपता ३ कोटी, आणि त्याच वर्षाच्या शेवटाकडे ४ कोटी. हा ग्राफ बघितला तर नुसता चढाच. पण रोज किती लोक पोस्ट करतात, रोज किती लोक लाइक करतात, हा ग्राफ बघा, तो नोव्हेंबर २०२४ मध्ये टोकाला गेला आणि पुढच्या काही महिन्यांत साधारण निम्म्यावर आला. म्हणजे अकाउंट वाढतायत आणि वावर कमी होतोय, एकाच वेळी. त्यामुळे कोणी म्हणालं वाढतंय तर विचारा काय वाढतंय, आणि कोणी म्हणालं घटतंय तर विचारा कधीपासून मोजताय, टोकापासून की त्याच्या आधीपासून.

आणि एक गोष्ट इथे मला फार महत्त्वाची वाटते. ब्लूस्कायवर रोज किती लोक लाइक करतात हे आपल्याला कळतं कसं? कारण तिथला सगळा पब्लिक डेटा उघडा वाहत असतो, त्याला फायरहोज म्हणतात, कोणीही बाहेरचा माणूस त्याला जोडून मोजू शकतो आणि लोक मोजतात, ग्राफ काढून टाकतात. मास्टोडॉनचा प्रत्येक सर्व्हर पण स्वतःची संख्या जाहीर करतो, महिन्याला किती, सहा महिन्यांत किती, ते गोळा करणाऱ्या साइट्स आहेत (दोन साइट्सचे आकडे जुळत नाहीत कारण कोण किती सर्व्हर धरतं ते वेगळं, बंद पडलेला सर्व्हर कधी वगळायचा तेही वेगळं). मोठ्या कंपन्यांचं तसं नाही, ते तिमाहीला एक आकडा सांगतील, तो कसा मोजला ते त्यांनाच माहीत. म्हणजे ज्याचं घटणं सगळ्यांना दिसतं ते मरतंय म्हणून बदनाम, आणि ज्याचं काहीच दिसत नाही ते धडधाकट. मला हे अन्यायाचं वाटतं, खरंच.

आता लोक का परत जातात ते बोलू, कारण जातात हे खरं आहे आणि ते लपवायचं काही कारण नाही. आपल्याकडे तर २०२२ च्या आधीच ही लाट येऊन गेली होती, किती जणांना आठवतं माहीत नाही. ऑक्टोबर २०१९ च्या शेवटी सुप्रीम कोर्टाचे ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं ट्विटर अकाउंट सस्पेंड झालं, त्यांनी जो फोटो लावला होता तो नाझी सॅल्यूट न करणाऱ्या एका माणसाचा प्रसिद्ध जुना फोटो होता, त्यावरून. भरपूर लोक चिडले आणि नोव्हेंबरमध्ये मास्टोडॉनवर आले, पेपरात बातम्या आल्या, मास्टोडॉन म्हणजे काय, अकाउंट कसं काढायचं. आणि थोड्याच आठवड्यांत बहुतेक जण परत. ब्राझीलमध्ये पण तेच, ऑक्टोबर २०२४ मध्ये एक्स परत सुरू झालं आणि खूप जण परत गेले.

मी हे बघत बघत एका मतावर आलेय, की जो माणूस रागाने एकटा येतो तो परत जातो. त्याचा राग खरा असतो, पण राग दोन आठवड्यांत उतरतो आणि उतरल्यावर त्याला दिसतं की आपले लोक तर तिकडेच आहेत. मग त्यात भर म्हणजे सुरुवातीलाच सर्व्हर कोणता निवडायचा हा प्रश्न, ज्याला ईमेल अकाउंट काढतानासुद्धा भाचा लागतो त्याला तुम्ही शंभर सर्व्हरची यादी दाखवली तर तो ती बंदच करणार ना. आणि तिसरं कारण टेक्निकल आहे पण कोणी सांगत नाही. छोट्या सर्व्हरवर तुम्हाला तेवढंच दिसतं जेवढं त्या सर्व्हरवरचे लोक फॉलो करतात, बाकीचं त्या सर्व्हरपर्यंत येतच नाही. एखाद्या पोस्टला दुसरीकडे चाळीस रिप्लाय आलेले असतील आणि तुमच्या सर्व्हरवर तीन दिसतील. म्हणजे जागा आहे त्यापेक्षा जास्त ओसाड दिसते, आणि ओसाड जागी कोण थांबतं. मास्टोडॉनच्या ४.५ आवृत्तीत, २०२५ च्या शेवटी, हे रिप्लाय मागून आणायची सोय आली, ती खूप आधी यायला पाहिजे होती असं माझं स्पष्ट मत आहे, २०२२ मध्ये ती असती तर त्या २५ लाखांतले बरेच जण राहिले असते.

लाटेचा आकडा आणि राहिलेल्यांचा आकडा यात गल्लत का करू नये ते इंदूरवाल्यांना तरी मला समजवायची गरज नाही. अनंत चतुर्दशीच्या रात्री झांक्या (म्हणजे देखाव्यांची मिरवणूक) निघतात, आख्खं शहर रस्त्यावर, पाय ठेवायला जागा नसते, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तोच रस्ता बघून कोणी म्हटलं की झांकी संपली तर आपण काय म्हणू? हुकुमचंद, मालवा, राजकुमार, कल्याण, स्वदेशी, त्या मिल्स कधीच्या बंद झाल्या, भोंगे थांबले, तरी त्यांच्या नावाची झांकी दर वर्षी निघते, कारण वर्षभर त्यामागे राबणारी माणसं आहेत. मास्टोडॉनवर मला तेच दिसतं. सर्व्हर चालवणारे, मॉडरेशन करणारे (म्हणजे शिवीगाळ आणि तक्रारी बघणारे), भाषांतर करणारे, आपापल्या विषयावर रोज लिहिणारे, खगोलवाले, ग्रंथपाल, सायकलवाले, फ्री सॉफ्टवेअरवाले. लाट गेली तरी हे जागचे हलले नाहीत.

आता बंद पडण्याबद्दल. सगळ्यात मोठं भय तेच ना, की आपण लिहायचं आणि एक दिवस साइट बंद. आमच्या कॉलेजच्या काळात एका जुन्या साइटवर इंदूरच्या मराठी मुलामुलींचा ग्रुप होता, कुठे नाटक आहे, कोणाच्या आजीच्या पुरणपोळीची रेसिपी, लोकमान्य नगरात खोली भाड्याने पाहिजे, मालव्यातल्या मराठीत येणारे हिंदी शब्द, त्यावर आठ-आठ दिवस वाद. साइट बंद झाली आणि ते सगळं गेलं, आणि नुसतं लिहिलेलं गेलं असतं तरी चाललं असतं पण माणसांचे धागे पण गेले, अर्ध्या लोकांची आडनावं आता मला आठवत नाहीत. त्यामुळे कू जेव्हा जुलै २०२४ मध्ये बंद झालं तेव्हा मी ते वापरत नसूनही मला वाईट वाटलं. भारतीय भाषांसाठी काढलेलं अ‍ॅप होतं, मराठीत लिहिणारे तिथे होते, कंपनीची दुसऱ्या कंपन्यांशी चाललेली बोलणी फिसकटली आणि संपलं. एक निर्णय, आणि सगळ्यांचं एकदम.

मास्टोडॉनचे सर्व्हर पण बंद पडतात. मास्टोडॉन डॉट लोल हा बऱ्यापैकी मोठा सर्व्हर २०२३ मध्ये बंद झाला, चालवणाऱ्या माणसाला रोजची भांडणं आणि शिव्या सोसवेनात. पण त्याने आधी काही महिने सांगितलं, लोकांनी दुसऱ्या सर्व्हरवर अकाउंट हलवलं आणि त्यांचे फॉलोअर आपोआप त्यांच्या मागे गेले. हे कूवर होऊ शकत नव्हतं. मात्र पूर्ण खरं सांगायचं तर मास्टोडॉनवर फॉलोअर हलतात, जुन्या पोस्ट हलत नाहीत, त्या मागे राहतात, फार तर त्यांची फाइल डाउनलोड करून घरी ठेवता येते. माझ्या मते मास्टोडॉनची ही सगळ्यात मोठी उणीव आहे. ब्लूस्कायच्या प्रोटोकॉलमध्ये हे चांगलं केलंय, तुमच्या सगळ्या पोस्ट, लाइक, फॉलो एका पेटाऱ्यासारखे असतात आणि तो उचलून दुसऱ्या सर्व्हरवर नेता येतो, ओळख तीच राहते. पण तिकडे अडचण उलटी, की अशी सोय असून बहुतेक सगळी अकाउंट अजून त्या एका कंपनीच्याच सर्व्हरवर आहेत. दार आहे, उघडं आहे, पण बाहेर जागा अजून कमी बांधल्यात. म्हणून मला ब्लूस्कायच्या ४ कोटींपेक्षा त्यातले किती लोक कंपनीच्या बाहेर राहतात हा आकडा बघायला जास्त आवडतं, आणि तो छोटा आहे पण वाढतोय.

त्यात ब्लॅकस्काय म्हणून एक आहे, तो जरूर बघा. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय लोकांनी ब्लूस्कायवर आधी स्वतःची फीड (म्हणजे ठरावीक पोस्ट एकत्र दाखवणारी यादी) काढली, मग स्वतःचं मॉडरेशन, मग स्वतःचे सर्व्हर. रूडी फ्रेझर नावाच्या माणसाने हे सुरू केलं. हे लोक आपलं माणूस आपल्या माणसाला सापडावं आणि शिवीगाळ करणारा आत येऊ नये एवढ्यासाठी एकत्र आले होते, कोणावर चिडून आलेले नव्हते. जपानचं पण तसंच, एप्रिल २०१७ मध्ये पिक्सिव्ह या चित्रकारांच्या साइटने पावू नावाचा मास्टोडॉन सर्व्हर काढला आणि बघता बघता जपानी लोकांची फेडिव्हर्सवर इतकी गर्दी झाली की युरोपवाले बघत राहिले. मिस्की हे तर जपानमध्येच बनलेलं सॉफ्टवेअर, आणि आजही जपानी भाषेतला वावर तिथे दणकून आहे. म्हणजे एकूण नेटवर्क वाढतंय की घटतंय या प्रश्नाला तिथल्या माणसाच्या दृष्टीने काही अर्थच नाही, त्याच्या भाषेत रोज बोलणं चालू आहे, बस.

आणि मराठी? मराठी तिथे कमी आहे, फार कमी. मी शोधते, तेच तेच लोक दिसतात, चांगले लोक आहेत, पण एखाद्या नाटकाबद्दल लिहिलं की उत्तर द्यायला कोणी नसतं. पण यातलं थोडं तरी आपल्याच हातात आहे, आणि ते इतकं साधं आहे की सांगायलाच पाहिजे. पोस्ट लिहिताना भाषा निवडायची सोय मास्टोडॉनवर पण आहे आणि ब्लूस्कायवर पण. आपले लोक मराठीत लिहितात आणि भाषा राहते इंग्लिश, कारण फोनची भाषा इंग्लिश. मग जो माणूस फक्त मराठी पोस्ट बघायचं ठरवतो त्याला ती दिसतच नाही, मराठीची फीड काढणाऱ्याला ती सापडत नाही, आणि मोजणाऱ्याच्या हिशोबात ती इंग्लिशमध्ये जाते. नुसत्या देवनागरीवरून ओळखावं तर हिंदीत मिसळून जाते. मराठीत लिहिताय तर भाषा मराठी ठेवा, एवढी एकच गोष्ट करा.

अजून एक, हे फार कमी लोकांच्या लक्षात आलंय. ट्विटरवर अक्षर मोजताना काना, मात्रा, वेलांटी सगळं वेगळं धरलं जातं, 'कि' लिहिलं की दोन. ब्लूस्कायवर मर्यादा ३०० ची, पण तिथे वेलांटीसकट 'कि' हे एकच अक्षर धरतात. म्हणजे मराठीत लिहिणाऱ्याला प्रत्यक्षात तिथे बरीच जास्त जागा मिळते, आणि मास्टोडॉनवर तर साधारणपणे ५०० असतेच. आपल्या लांबलचक वाक्यांना ही जागा लागते.

इंदूरच्या मराठी लोकांचं सांगायचं तर आपल्याकडे सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर आहे. सानंद संस्थेच्या नाटकाची चर्चा, गणपतीची वर्गणी, कोणाकडे स्थळ आहे, महाराष्ट्र साहित्य सभेत काय कार्यक्रम, सगळं पाच-सहा ग्रुपमध्ये, तेच मेसेज फिरून फिरून. तात्पुरतं ते ठीक आहे. पण बडोद्याच्या मराठी माणसाला, ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला, इंदूरमध्ये काय चाललंय ते त्यात कधीच कळत नाही, आणि आपल्याला त्यांचं. तिघांचा प्रश्न एकच आहे, घरात मराठी, बाहेर हिंदी किंवा गुजराती, मुलं वाचत नाहीत, नाटकाला पन्नाशीच्या आतलं कोणी येत नाही. आणि तिघं एकमेकांना ओळखत नाहीत. माझ्या डोक्यात विकेंद्रित नेटवर्क म्हणजे हेच आहे, प्रत्येक गावाचं आपलं घर, आपले नियम, आपली माणसं, आणि तरी एकमेकांत बोलणं मोकळं. एका मोठ्या कंपनीला बृहन्महाराष्ट्र काय आहे ते कधी कळणार नाही, तिला कळायची गरज पण नाही, पण आपल्या सर्व्हरच्या नियमात मालवी मराठीला कोणी हसायचं नाही असं आपण लिहू शकतो.

सर्व्हर म्हटलं की सगळे घाबरतात, तर आधी सर्व्हर नकोच. माझ्या मनात क्रम असा आहे. आधी एक फीड, ब्लूस्कायवर, ज्यात इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा इथलं मराठी लिखाण एकत्र दिसेल, याला खर्च जवळपास नाही आणि फीड कोणीही काढू शकतं. ज्या संस्थेची स्वतःची वेबसाइट आहे तिने त्याच पत्त्याचं हँडल (म्हणजे अकाउंटचं नाव) घ्यावं, ब्लूस्कायवर डोमेनचंच हँडल करता येतं, म्हणजे खोट्या अकाउंटची कटकट नाही. मास्टोडॉनवरच्या लोकांनी ब्रिजी फेड चालू करावं, त्याने इकडच्या पोस्ट तिकडे आणि तिकडचे रिप्लाय इकडे जातात, म्हणजे 'तू कुठे, मी कुठे' हे भांडण नको. आणि एकेकट्याने यायचं नाही. आठ-दहा जणांच्या गटाने एकदम यायचं आणि पहिले दोन महिने रोज एकमेकांना रिप्लाय द्यायचा, लाइक नाही, रिप्लाय, दोन ओळींचा का होईना. सर्व्हरचा विचार त्यानंतर, तेव्हा पैसे कोण देणार आणि रात्री तक्रार आली तर कोण बघणार हे आधी ठरवून, कारण सर्व्हर बहुतेक वेळा चालवणारा एकटा पडून थकतो म्हणून बंद होतात.

आतेभावाला मी हेच सांगितलं. तो म्हणाला, "ठीक आहे, पण आधी तिथे लोक असू देत, मग मी येतो." मी म्हटलं, "दादा, सगळे हेच म्हणतायत म्हणून तर तिथे लोक नाहीत, तू नाटकावर लिहितोस ना व्हॉट्सअ‍ॅपवर लांबलचक, तेच तिथे टाक, उत्तर मी देईन." त्याने अकाउंट काढलंय. भाषा इंग्लिश होती, ती त्याला बदलायला लावली. पुढच्या आठवड्यात नाटकवाल्या ग्रुपमधल्या तीन-चार जणांशी बोलायचंय, ज्यांना यायचंय त्यांनी खाली सांगा, अकाउंट काढायला काही अडलं तर मी बसून करून देईन, रविवारी सकाळी मी मोकळी असते.